युद्धात मारले, तरी प्रायश्चित्त

14 ऑक्टोबर 1066 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ हेस्टिंग्जची लढाई झाली. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला, इंग्लंडचा राजा हॅरल्ड मारला गेला. पोपने विल्यमच्या बाजूने कौल दिला होता आणि पोपचे निशाण त्याच्या सैन्यापुढे होते, असे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. म्हणजे विजेत्यांच्या लेखी ही लढाई धर्ममान्य होती. तरीही पुढच्या काही वर्षांत नॉर्मंडीच्या बिशपांनी, पोपचे प्रतिनिधी एर्मेनफ्रिड यांच्या संमतीने, याच विजयी सैनिकांसाठी एक आदेश काढला.

त्या आदेशातला हिशोब फार बारकाईचा आहे. आपण या लढाईत माणूस मारला हे ज्याला ठाऊक आहे, त्याने प्रत्येक मृतामागे एक वर्ष प्रायश्चित्त घ्यावे. आपण जखमी केलेला माणूस पुढे जगला की मेला हे ठाऊक नसेल, तर माणशी 40 दिवस. किती जणांवर वार केले याची मोजदादच राहिली नसेल, तर उरलेल्या आयुष्यात दर आठवड्याला एक दिवस. ऐपत असेल त्याने चर्च बांधून द्यावे किंवा एखाद्या चर्चला कायमचे दान लावून द्यावे. तिरंदाजांना आपला बाण कोणाला लागला हे कळतच नाही, म्हणून त्यांच्यासाठी 40-40 दिवसांचे तीन उपवासकाळ. केवळ पैशासाठी लढलेल्यांना खुनाइतकेच प्रायश्चित्त. आणि ज्याने कोणावर वार केला नाही, पण करायची इच्छा धरली होती, त्यालाही तीन दिवस.

‘खून करू नको’ या आज्ञेकडे ख्रिस्ती परंपरेने कसे पाहिले, हे समजून घ्यायचे तर मला हा आदेश फार मोलाचा वाटतो. एरवी या आज्ञेची चर्चा एकाच वाटेने जाते: कोणती हत्या खून ठरते आणि कोणती नाही? फाशी चालते का, युद्ध चालते का, स्वसंरक्षण चालते का? हे प्रश्न खरेच आहेत. पण हेस्टिंग्जनंतरचे बिशप आणखी एक प्रश्न विचारत होते. जी हत्या गुन्हा नाही, ती ज्याच्या हातून घडली त्या माणसाचे काय? माझे मत असे की हा दुसरा प्रश्न जोवर ख्रिस्ती धर्माच्या मनात जागा होता, तोवर तो या आज्ञेशी प्रामाणिक राहिला; तो प्रश्न विसरला गेला, तेव्हा धर्माच्या नावाने रक्त वाहिले.

मोशेला सिनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञांपैकी ही एक. बायबलच्या निर्गम ग्रंथात 20व्या अध्यायात आणि अनुवाद ग्रंथात 5व्या अध्यायात ती आहे. तिचा क्रमांक पंथागणिक बदलतो. वसईच्या कॅथलिक घरात ती पाचवी, तर नगर-पुण्याच्या प्रॉटेस्टंट घरात बहुधा सहावी, कारण ‘मला सोडून दुसरे देव नकोत’ आणि ‘मूर्ती करू नको’ या आज्ञा कॅथलिक एकत्र मोजतात आणि बाकीचे बहुतेक वेगवेगळ्या. मजकूर मात्र तोच. त्यात कोणाचा खून, कोणत्या परिस्थितीत, असे काहीही सांगितलेले नाही.

ती आज्ञा देणारा मोशेचा कायदा सरसकट अहिंसेचा नाही, हे आधीच सांगायला हवे. त्याच कायद्यात देहदंड आहे, त्याच ग्रंथांत युद्धे आहेत. रात्री घर फोडताना सापडलेल्या चोराला घरमालकाने मारले तर त्याच्यावर रक्तपाताचा दोष नाही, पण सूर्य उगवल्यावर मारले तर आहे, इतका तपशील निर्गम ग्रंथात आहे. खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊन त्याला सोडू नये, असे गणना ग्रंथ बजावतो. श्रीमंताने पैसे मोजून सुटावे ही सोय तिथे बंद केली आहे. या सगळ्यामागचे कारण उत्पत्तीच्या 9व्या अध्यायात येते: देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला. म्हणून माणसाचे रक्त सांडणे हा फक्त त्या माणसाचा आणि त्याच्या कुळाचा मामला राहत नाही, तो देवाचा मामला होतो.

पण याच कायद्यात मला जास्त विचार करायला लावतात त्या अनवधानाने घडलेल्या मृत्यूच्या तरतुदी. दोघे जण रानात लाकडे तोडायला गेले, कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले आणि सोबत्याला लागून तो मेला, असे उदाहरण अनुवाद ग्रंथच देतो. असा माणूस खुनी नाही. मृताच्या नातलगांच्या सूडापासून तो वाचावा म्हणून यार्देन नदीच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन अशी सहा शरणपुरे नेमली होती. तिथवर जाणारे रस्ते नीट राखावेत, अशीही आज्ञा आहे. पण तिथे पोचलेल्या माणसाला लगेच घरी परतता येत नसे. त्या काळचा मुख्य याजक मरेपर्यंत त्याने शरणपुरातच राहायचे. निर्दोष, तरीही घरापासून दूर. कोणाचा तरी जीव गेला आहे आणि आपला हात त्यात होता, याचे वजन कायदा त्याच्यावरून पूर्ण उतरवत नाही.

याहूनही पुढे जाणारा एक विधी आहे. शेतात एखाद्याचे प्रेत सापडले आणि मारणारा कोण हे कळले नाही, तर वडीलधाऱ्यांनी प्रेतापासून आसपासच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. सर्वांत जवळच्या गावातल्या वडिलांनी जुंपलेली नसलेली कालवड वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात नेऊन तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही असे देवासमोर म्हणायचे. आरोपी सापडला नाही म्हणून प्रकरण बंद होत नाही; गावाला उत्तर द्यावे लागते. घराच्या धाब्याला कठडा बांधा, नाहीतर कोणी पडून मेल्यास रक्तपाताचा दोष घरावर येईल, हेही याच ग्रंथात आहे.

बायबलमधला पहिला खून भावाने भावाचा केलेला आहे. काइन हाबेलला मारतो. देव त्याला शाप देतो, भूमीवरून भटकायला लावतो, आणि त्याच वेळी त्याला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो. खुन्याचेही रक्त सांडू नये, असे बायबलमधल्या अगदी पहिल्या खुनाच्या वेळी घडते. देहदंडाविरुद्ध बोलणारे आजचे ख्रिस्ती लोक या खुणेची आठवण पुन्हा पुन्हा करून देतात.

येशूने ही आज्ञा आणखी आत नेली. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनात तो तिचा उल्लेख करतो आणि भावावर रागावणारा, त्याला तुच्छ लेखून बोलणारा माणूसही न्यायास पात्र ठरेल असे सांगतो. वेदीवर अर्पण घेऊन गेलास आणि तिथे भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही असल्याचे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट करून ये, असेही सांगतो. आपल्या मनातला राग इतकाच इथे विषय नाही, समोरच्याच्या मनातलाही आहे. पुढे अटकेच्या रात्री एक शिष्य तलवार उपसून महायाजकाच्या नोकराचा कान कापतो, तेव्हा येशू त्याला तलवार म्यानात घालायला लावतो. योहानाचे शुभवर्तमान सांगते की तो शिष्य पेत्र होता.

पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांनी हा प्रसंग अक्षरशः घेतला. उत्तर आफ्रिकेतला तेर्तुलियन म्हणतो की प्रभूने पेत्राची तलवार काढून घेतली, तेव्हाच त्याने प्रत्येक सैनिकाला निःशस्त्र केले. अथेन्सचा अथेनागोरास याने इसवी सन 177च्या सुमारास रोमन सम्राटाला लिहिलेल्या निवेदनात, आम्ही ग्लॅडिएटरांचे खेळ पाहतसुद्धा नाही, कारण माणूस मारताना पाहणे हे मारण्याच्या फार जवळचे आहे, असा युक्तिवाद केला. त्याच निवेदनात त्याने गर्भपातालाही हत्याच म्हटले. सगळे ख्रिस्ती लोक मात्र असे वागत नव्हते. रोमन फौजेत ख्रिस्ती सैनिक होते आणि त्यांची संख्या वाढत गेली.

295 साली आजच्या अल्जीरियातल्या तेबेस्सा इथे मॅक्सिमिलियन नावाच्या 21 वर्षांच्या तरुणाला भरतीसाठी उभे केले गेले. त्याचे वडील सैन्याशी संबंधित होते. मी ख्रिस्ती आहे, मला सैनिक होता येणार नाही, एवढेच तो सांगत राहिला. सम्राटांच्या खास पथकांतही ख्रिस्ती लोक आहेतच की, असे न्याय करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला सुनावले. त्यांचे त्यांना ठाऊक, मला माझे ठाऊक, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. त्याला तलवारीने मारण्यात आले. जाताना त्याने वडिलांना सांगितले की माझ्या भरतीसाठी शिवलेले नवे कपडे या जल्लादाला देऊन टाका.

313 नंतर चित्र उलटले. सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माच्या बाजूने आला आणि जो समाज राज्याबाहेर राहून तलवारीला नकार देत होता, त्याच्या हातातच हळूहळू राज्याची तलवार आली. सीमेवर आक्रमक येत असताना सैनिक कोणी व्हायचे? लुटारूंना शिक्षा कोणी द्यायची? चौथ्या-पाचव्या शतकातल्या धर्माचार्यांना या प्रश्नांपासून पळता येत नव्हते, आणि त्यांनी दिलेली उत्तरे तडजोडीची आहेत म्हणून मी ती हलकी मानत नाही.

आजच्या तुर्कस्तानातल्या कैसेरी म्हणजे तेव्हाच्या कैसरियाचे बिशप संत बेझिल यांनी 370च्या दशकात एका सहकारी बिशपला लिहिलेल्या पत्रात म्हटले की आपल्या पूर्वजांनी युद्धातल्या हत्येला खून मानलेले नाही. तरी अशा सैनिकांचे हात स्वच्छ नसल्याने त्यांनी तीन वर्षे पवित्र भोजनापासून दूर राहावे, हे बरे. हेस्टिंग्जच्या आदेशामागे हाच विचार आहे. बेझिल सैनिकाला गुन्हेगार म्हणत नाहीत आणि त्याच्या हातावरचे रक्त नाकारतही नाहीत.

मिलानचे बिशप अँब्रोज यांच्यासमोर प्रश्न आला तो थेट सम्राटाचा. 390 साली ग्रीसमधल्या थेस्सलोनिका शहरात एका लोकप्रिय रथ हाकणाऱ्याला तुरुंगात टाकल्यावरून दंगल झाली आणि लष्करी अधिकारी मारला गेला. संतापलेल्या सम्राट थिओडोसियसने सैन्याला मोकळीक दिली. नंतर त्याने हुकूम मागे घेतला, पण तो पोचायला उशीर झाला होता. मृतांचा आकडा 7000 होता असे नंतरचा इतिहासकार थिओडोरेट सांगतो. अँब्रोज यांनी सम्राटाला पत्र पाठवले: तुम्ही समोर असताना मला वेदीवर अर्पण करता येणार नाही. रोमन जगाचा सर्वसत्ताधीश काही महिने राजचिन्हे उतरवून पश्चात्ताप करणाऱ्यांत उभा राहिला, आणि मगच त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. राजाचा हुकूम म्हणून हत्या आपोआप निर्दोष होत नाही, हे या प्रसंगाने ठसवले.

अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्या ऑगस्टीन यांनी न्याय्य युद्धाचा विचार मांडला. युद्ध अधिकार असलेल्या राज्यकर्त्याने, न्याय्य कारणासाठी आणि शांततेच्या हेतूने करावे. मनात सूड किंवा क्रूरतेची हौस नसावी. हे सर्वांना आठवते. त्यांचे एक पत्र मात्र कमी आठवले जाते. विरोधी पंथाच्या काही लोकांनी ऑगस्टीन यांच्या बाजूच्या एका धर्मगुरूला ठार केले आणि दुसऱ्याचा डोळा फोडून बोट तोडले. आरोपींनी कबुली दिली. तेव्हा ऑगस्टीन यांनी शाही अधिकारी मार्सेलिनसला विनवले की यांना त्यांनी केले तशीच शिक्षा देऊ नका, त्यांचा जीव आणि अवयव राखा, त्यांना उपयोगी कामाला लावा. न्याय्य युद्धाचा सिद्धांत लिहिणाऱ्या लेखणीतूनच ही विनवणी उतरली आहे.

दहाव्या शतकात बेझिल यांच्या त्या पत्राची खरी कसोटी लागली. बायझंटाइन सम्राट निकेफोरस फोकास हा पराक्रमी सेनापती होता. मुस्लिम फौजांशी लढताना पडलेल्या सैनिकांना हुतात्मे म्हणून घोषित करावे, अशी मागणी त्याने कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या चर्चचे प्रमुख, पॉलियुक्टॉस यांच्याकडे केली. पॅट्रिआर्क आणि बिशपांनी ती नाकारली. ज्यांना बेझिल तीन वर्षे पवित्र भोजनापासून दूर राहायला सांगतात, त्यांना हुतात्मे कसे म्हणणार, असे त्यांचे उत्तर होते.

पश्चिमेत मात्र शंभर-सव्वाशे वर्षांत नेमका याच्या उलट निर्णय झाला. नोव्हेंबर 1095 मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पोप दुसरे अर्बन यांनी जेरुसलेमच्या मोहिमेचे आवाहन केले. जो कीर्ती किंवा पैशासाठी नव्हे तर भक्तीने या मोहिमेवर जाईल, त्याला ती मोहीम म्हणजेच संपूर्ण प्रायश्चित्त मानली जाईल, असे त्या परिषदेने ठरवले. हेस्टिंग्जहून परतलेल्यांना मारल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्याला जेमतेम 30 वर्षे झाली होती. आता लढायला जाणे हेच प्रायश्चित्त झाले. 1096 मध्ये मोहिमेवर निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ शहरांतल्या ज्यूंची कत्तल केली. काही बिशपांनी ज्यूंना आसरा दिला, स्पायरच्या बिशपांनी बहुतेकांना वाचवलेही, पण लाट थांबली नाही. जुलै 1099 मध्ये जेरुसलेम पडले तेव्हा तिथल्या मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांचे काय झाले, हे विजेत्यांच्याच बखरींत वाचायला मिळते. ख्रिस्ती इतिहासातले हे वळण मला सर्वांत जड वाटते. आज्ञा कोणी रद्द केली नव्हती, फक्त मारणाऱ्याच्या मनावरचे ओझे काढून घेतले होते.

हात स्वच्छ ठेवण्याची आणखी एक पळवाट त्या काळात तयार झाली. 1215च्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना देहदंड सुनावण्याची आणि रक्त सांडण्याच्या कामात भाग घेण्याची मनाई केली. मनाई चांगली, पण तिचा वापर कसा झाला? इन्क्विझिशनचे न्यायालय पाखंडी ठरवलेल्या माणसाला स्वतः जाळत नसे. ते त्याला राजसत्तेच्या स्वाधीन करी आणि राजसत्ता जाळत असे. गोव्यात 1560 ते 1812 या काळात, मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर, हेच न्यायालय चालले. शिक्षा जाहीर करण्याच्या समारंभात धर्मगुरू कैद्याला राजाच्या अधिकाऱ्यांकडे सोपवत आणि पुढचे आपले काम नाही असे मानत. मोशेच्या कायद्यात वडीलधाऱ्यांना स्वतः न सांडलेल्या रक्ताबद्दलही हात धुवून उत्तर द्यावे लागे. इथे सांडणार हे ठाऊक असलेल्या रक्तापासून हात झटकले गेले.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनस यांनी स्वसंरक्षणाचा जो विचार मांडला, तो आजही कायद्याच्या आणि वैद्यकीय नीतीच्या चर्चेत वापरला जातो. एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात: स्वतःचा जीव वाचवणे आणि हल्लेखोराचा मृत्यू. पहिला हेतू असेल आणि गरजेपेक्षा जास्त बळ वापरले नसेल, तर दोष नाही.

सोळाव्या शतकात मार्टिन लूथर यांनी या आज्ञेला दुसरे टोक जोडले. 1529 मध्ये लिहिलेल्या दोन प्रश्नोत्तरी ग्रंथांत ते सांगतात की शेजाऱ्याला इजा न करणे हा अर्धाच भाग आहे. त्याच्या गरजेत त्याला मदत करणे हा उरलेला भाग. उघड्यावर कुडकुडणाऱ्याला कपडा दिला नाही, उपाशी असलेल्याला खाऊ घातले नाही, तर त्याला तुम्हीच मारले. लूथर यांची लेखणी शेतकऱ्यांच्या उठावाच्या वेळी आणि ज्यूंबद्दल लिहिताना अतिशय निष्ठुर झाली, हे विसरता येत नाही. पण या ओळींतला विचार पुढे ख्रिस्ती रुग्णालये आणि दुष्काळातल्या मदतकार्याचा एक आधार बनला.

त्याच शतकात प्रॉटेस्टंट जिनिव्हाने 27 ऑक्टोबर 1553 रोजी मिगेल सर्वेटसला त्याच्या धर्ममतांसाठी जिवंत जाळले. तिथले धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांनी त्या खटल्याला पाठिंबा दिला होता. बासेलमध्ये राहणाऱ्या सेबास्टियन कास्टेलिओ यांनी विरोध केला: माणूस जाळल्याने सिद्धांताचे रक्षण होत नाही, फक्त एक माणूस मारला जातो. 350 वर्षांनी, 1903 मध्ये, कॅल्व्हिन यांच्याच अनुयायांनी जिनिव्हात त्या चुकीची कबुली देणारी शिळा उभारली.

तलवार पूर्णपणे नाकारणारे लोकही याच काळात पुन्हा उभे राहिले. पुनर्बाप्तिस्मावादी म्हणून त्यांचा छळ कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनीही केला. नेदरलँड्समधल्या आस्पेरन गावचा डिर्क विलेम्स हिवाळ्यात कैदेतून निसटला आणि गोठलेले तळे ओलांडून गेला. पाठलाग करणारा पहारेकरी मात्र पातळ बर्फ फुटून पाण्यात पडला. विलेम्स मागे वळला आणि त्याने त्याला बाहेर काढले. मग त्यालाच पकडण्यात आले आणि 16 मे 1569 रोजी जाळण्यात आले. पुनर्बाप्तिस्मावाद्यांच्या परंपरेतल्या मेनोनाइट कुटुंबांत हा प्रसंग आजही मुलांना सांगितला जातो.

विसाव्या शतकातल्या युद्धांनी ही आज्ञा साध्या माणसांच्या दारात आणून उभी केली. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर हिटलरच्या सैन्यात लढायला तयार नव्हता. घरी पत्नी फ्रान्झिस्का आणि लहान मुली. त्याच्या बिशपांनीही त्याला कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली. जखमींची शुश्रूषा करायची तयारी त्याने दाखवली, ती मान्य झाली नाही. 9 ऑगस्ट 1943 रोजी ब्रांडेनबुर्ग इथे त्याचा शिरच्छेद झाला. अमेरिकेत डेस्मंड डॉस या तरुणाची अशीच तयारी मान्य झाली. लहानपणी घरात टांगलेल्या दहा आज्ञांच्या चित्रात त्याने हाबेलला मारणारा काइन पाहिला होता आणि भाऊ भावाला कसा मारू शकतो हा प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही. शस्त्राला हात न लावता तो लष्करी वैद्यकीय पथकात गेला आणि 1945 मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने 75 जखमींना खाली उतरवले, अशी नोंद त्याच्या सन्मानपत्रात आहे. येगरश्टेटरला कॅथलिक चर्चने 2007 मध्ये धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केले. त्या सोहळ्याला 94 वर्षांच्या फ्रान्झिस्का हजर होत्या.

एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी 23 मार्च 1980 च्या प्रवचनात सैनिकांना उद्देशून सांगितले की तुम्ही आपल्याच शेतकरी भावांना मारत आहात. मारण्याच्या हुकमापुढे देवाची आज्ञा मोठी आहे. ते प्रवचन रेडिओवरून देशभर ऐकले गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका रुग्णालयाच्या छोट्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण करत असताना त्यांना गोळी घालण्यात आली.

देहदंडाबाबतचा बदल हळू झाला. पोपच्या स्वतःच्या राज्यात जोव्हान्नी बुगात्ती नावाच्या जल्लादाने 1796 ते 1864 या काळात 516 जणांना देहदंड दिला. व्हॅटिकनच्या कायद्यातही ही शिक्षा 1929 पासून 1969 पर्यंत होती, वापरली मात्र गेली नाही. 1995 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिची गरज जवळपास उरलेली नाही असे लिहिले. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षणाचा अधिकृत मजकूरच बदलला आणि देहदंड कोणत्याही परिस्थितीत अग्राह्य ठरवला. गुन्हा कितीही भयंकर असला तरी माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, हे त्यांनी दिलेले कारण. अमेरिकेतले अनेक इव्हँजेलिकल मात्र उत्पत्तीच्या त्याच 9व्या अध्यायाचा आधार घेऊन देहदंडाचे समर्थन करतात. गर्भपात आणि दयामरण यांबाबत कॅथलिक चर्च ठाम विरोधात आहे. प्रॉटेस्टंट पंथांत मतभेद आहेत आणि ते मिटण्याची चिन्हे नाहीत.

खुन्याला मारायचे नाही, तर मग त्याचे करायचे काय? याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या इंदूर परिसरात मिळाले. गरीब शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडवण्याचे काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांना 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमधून ओढून चाकूने ठार करण्यात आले. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला भेटल्या आणि त्याच्या मनगटावर राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी राणी मारिया यांच्या कुटुंबाने शब्द टाकला आणि 2006 मध्ये तो सुटला. नंतर तो केरळात जाऊन त्यांच्या आईला भेटला. 2017 मध्ये इंदुरात राणी मारिया यांना धन्यवादित घोषित केले, तेव्हा तोही तिथे होता. ज्याने जीव घेतला त्याला त्या कृत्यासकट स्वीकारून त्याचा भाऊ करण्याची ही वाट मला बेझिल यांच्या तीन वर्षांच्या फार जवळची वाटते: दोन्हीकडे मारणाऱ्याला परत आणायचे आहे, झालेले विसरून नव्हे, त्याला तोंड देऊन.

युद्धाचा प्रश्न मात्र पुन्हा उघडा झाला आहे. 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिले की आजची शस्त्रे पाहता न्याय्य युद्धाचे जुने निकष लावणे फार कठीण झाले आहे. दोन वर्षांनी रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले आणि सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल यांनी प्रवचनात सांगितले की लष्करी कर्तव्य बजावताना मरणाऱ्याचा हा त्याग त्याची सगळी पापे धुऊन टाकतो. संत बेझिल हे रशियन चर्चचेही महान आचार्य आहेत, त्यांचे नियम तिथल्या धर्मशास्त्रात आजही छापले जातात. तरी हे वाक्य क्लेरमाँच्या घराण्यातले आहे. रशियन चर्चमधल्याच दोनशेहून अधिक धर्मगुरूंनी मार्च 2022 मध्ये युद्ध थांबवण्याचे आवाहन करणाऱ्या पत्रावर सह्या केल्या होत्या. मॉस्कोच्या एका चर्चमधले धर्मगुरू इओआन कोवाल यांनी विजयासाठी म्हणायची सक्तीची प्रार्थना शांतीसाठीची करून म्हटली, म्हणून 2023 मध्ये त्यांचे धर्मगुरूपद काढून घेण्यात आले. त्यांनी दाद मागितली ती कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्ककडे, पॉलियुक्टॉस यांच्या गादीकडे. काही आठवड्यांतच तिथून त्यांना त्यांचे पद परत मिळाले.